दहा अंशांचा हट्ट

फ्रिजच्या आत एक बटण असतं आणि त्यावर एक ते सात आकडे असतात. हे आकडे अंश नव्हेत. आकडा वाढवला की फ्रिज जास्त थंड होतो, कमी नाही, हेही बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं कुणाला ठाऊक नसतं. त्या बटणाला जोडलेली बारीक नळी बाष्पकाच्या, म्हणजे आत थंडी तयार करणाऱ्या पत्र्याला चिकटलेली असते आणि तिथली थंडी पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करते. आतल्या पातेल्यात काय चाललं आहे, याची तिला कल्पना नसते. दूध, भाजी आणि कालचं वरण यांच्यासाठी एवढं पुरतं. त्यांना दोन ते पाच अंश सेल्सियसमध्ये कुठंही ठेवलं तरी चालतं.

लागर बिअरच्या यीस्टला चालत नाही. तिला आठ ते तेरा अंशांची पट्टी लागते आणि बहुतेक करणारे दहा-बाराच्या आसपास थांबतात. फ्रिज चारावर असतो, तर सुरतेतली खोली मार्चपासून पुढे तीस आणि त्याच्याही वर. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरतो, पण दुपारी पुन्हा तिशीकडे जातो. म्हणजे या यीस्टला हवी ती जागा शहरात कुठल्याच महिन्यात आपोआप मिळत नाही आणि दुकानातल्या कुठल्या साध्या फ्रिजच्या बटणावरही ती सापडत नाही.

आता सुरत म्हटल्यावर वाचक हसला असेल. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949चा. 1960 साली राज्याचे दोन तुकडे झाले आणि कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातने तो घट्ट धरला, महाराष्ट्राने परवाने देत देत सैल केला. सुरत-भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्टेशनात तर फलाटावरचं एक बाकडंच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. मात्र परवान्याशिवाय घरात बिअर गाळणं बाकड्याच्या दोन्ही टोकांना गुन्हाच आहे. ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट 1963 साली काढली, अमेरिकेने 1978 साली केंद्रीय कायदा बदलला. त्यामुळे तिकडे गॅरेजात जुना फ्रिज आणि त्यात फसफसणारी बादली हे नेहमीचं दृश्य झालं. सुरतेतल्या किंवा नंदुरबारच्या वाचकाने या प्रकरणातली बिअर कागदावरच ठेवावी. फ्रिजचं तंत्र मात्र त्याच्या कामाचं आहे. ते कसं, ते शेवटी येईलच.

तसं बिअर आणि सुरत यांचं नातं कायद्याहून बरंच जुनं. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री 1689 साली इंग्लंडहून निघून सुरतेच्या वखारीत आला. 1696 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात वखारीच्या जेवणाचा थाट आहे, आणि विलायती वाइन व इंग्लिश बिअर कितीही महाग पडली तरी मंडळी ती आवडीने विकत घेत, असंही तो सांगतो. ही बिअर पिंपांतून अर्ध्या जगाला वळसा घालून यायची. इथे ती करता येईना, कारण जवाची सोय होईलही, पण हवेचं काय करणार? त्याआधी 1638 साली आलेल्या मँडेल्स्लो या जर्मन प्रवाशाला इथल्या इंग्रजांकडे मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचं मिश्रण प्यायला मिळालं होतं. पंच या पेयाचा हा सुरुवातीच्या उल्लेखांपैकी एक. उकाड्याच्या गावात राहणाऱ्यांनी काढलेली ही वाट मला शहाणपणाची वाटते. जे आंबवायचं ते इथल्या उष्णतेत हवं तसं आंबू द्यायचं, मग त्याचा अर्क काढायचा, आणि बिघडलेल्या चवीवर लिंबू पिळायचं.

थंडी विकत मिळत नव्हती असंही नाही. अकबराच्या दरबारात सोरा पाण्यात विरघळवून त्यात सुरई फिरवत आणि पाणी गार करत, हे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवलं आहे. सोरा विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून हे जमतं. पण पेलाभर पाणी घटकाभर गार करणं वेगळं, आणि पिंपभर द्रव महिनाभर एकाच अंशावर धरून ठेवणं वेगळं. पहिल्याला थंडी लागते, दुसऱ्याला नियंत्रण.

बव्हेरियातल्या बिअरवाल्यांना नियंत्रण निसर्गाकडून उधार मिळत होतं. तिथल्या उन्हाळ्यात बिअर हमखास नासायची, म्हणून ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने 1553 साली 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर करण्यावर बंदीच घातली. मग हिवाळ्यात करायची, डोंगराच्या पोटातल्या तळघरांत गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भरायचा आणि उन्हाळाभर तीच प्यायची, असा शिरस्ता पडला. शेकडो हिवाळे या गारठ्यात ज्या यीस्टने तग धरला, ती आजची लागर यीस्ट, शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस पास्टोरियानस. ती संकरित आहे. एक पालक म्हणजे पाव फुगवणारी ओळखीची यीस्ट. दुसऱ्याचा पत्ता बराच काळ लागत नव्हता. 2011 साली तो पाटागोनियाच्या जंगलात, बीचच्या जातीच्या झाडांवर वाढणाऱ्या गाठींत सापडला. थंडी सोसण्याचा गुण या दुसऱ्या पालकाकडून आलेला.

बर्फाची उधारी उन्हाळा कडक पडला की संपायची. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचा मालक गाब्रिएल झेडलमायर याने कार्ल लिंडे या प्राध्यापकाला गाठलं. थंडी करण्याच्या यंत्रावर लिंडेने 1871 साली लेख लिहिला होता. पहिलं यंत्र 1873च्या सुमारास ब्रुअरीत बसलं. त्यात मेथिल ईथर हा पेट घेणारा वायू होता. 1876 पर्यंत लिंडे अमोनियावर आला आणि यंत्र भरवशाचं झालं. त्यानंतर लवकरच ते ट्रिएस्टच्या ब्रुअरीत गेलं. ट्रिएस्ट म्हणजे समुद्रकाठचं, उन्हाळ्यात घामाघूम करणारं बंदर. आपण फ्रिजकडे दुधाची सोय म्हणून बघतो. पण यंत्राने थंडी तयार करण्याच्या विद्येला पैसा आणि कारखाना पुरवला तो प्रामुख्याने बिअरने. दूध त्या पंगतीत मागाहून बसलं.

हिंदुस्थानात कसौली आणि मरी या डोंगरी गावांत ब्रुअऱ्या आधी उभ्या राहिल्या, त्याचंही कारण हवाच. आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीच्या औरंगाबादजवळच्या) वाळूजला भर उन्हाळ्यात टाक्यांभोवती गार द्रव खेळवून बिअर होते. पुण्यात 2009 साली दूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. शहरी ब्रुअऱ्यांत गव्हाची बिअर आणि एल यांचा भरणा दिसतो. त्यात ग्राहकांची आवड आहेच, पण हिशेबही आहे. एल अठरा-वीस अंशांवर दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागर टाकी अडवून बसते.

यीस्टला थंडी का लागते, असा प्रश्न चुकीचा आहे. तीस अंशांवरही ती साखर खाते, उलट अधिक हावरेपणाने खाते. अडचण तिची नाही, पिणाऱ्याची. घाईने वाढणारी यीस्ट एस्टर सोडते, त्यांचा वास केळ्यासारखा किंवा सफरचंदासारखा येतो. सोबत जड अल्कोहोलं तयार होतात आणि त्यांनी घसा जळतो. गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा वास गुण मानतात. लागरमध्ये लपायला जागा नसते. पातळ, स्वच्छ, जवाच्या चवीच्या त्या द्रवात बारीकसा दोषही पहिल्या घोटाला सापडतो.

या दोषांतला माझा आवडता डायअसिटील. लोण्याला जो लोण्याचा वास येतो तो मुख्यतः याचाच, आणि ताजं लोणी हुंगताना कुणी नाक मुरडत नाही. दह्याताकाच्या विरजणातले काही जिवाणू तो मुद्दाम हवा म्हणून जपले जातात. लागरमध्ये हाच रेणू आला की बिअर फुकट गेली म्हणतात. यीस्ट वाढताना तो तयार होतो आणि जेवण आटोपल्यावर तीच यीस्ट तो परत शोषून घेते. फक्त दहा अंशांवर हे आवरायचं काम फार रेंगाळतं. म्हणून साखर संपत आली की तापमान पंधरा-सोळापर्यंत चढवायचं, दोन-तीन दिवस तिथे ठेवायचं, आणि मग दररोज एक-दोन अंश उतरवत शून्य ते दोनपर्यंत आणून कित्येक आठवडे मुरू द्यायचं. घरगुती लागर पुष्कळदा याच टप्प्यावर फसते, कारण एकदा दहावर बसवलेला फ्रिज पुन्हा हलवायला करणाऱ्याचं मन धजत नाही.

आता फ्रिजच्या आत शिरू. वीस लिटर द्रव आहे असं धरा. पाण्यासारखाच तो, म्हणजे एक अंश उतरवायला साधारण 84 किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. तीसवरून दहावर आणायचं तर 1,680 किलोज्यूल. फ्रिज शंभर वॅटने उष्णता ओढतो असं मानलं, तर कागदावर पावणेपाच तास. प्रत्यक्षात अर्धा दिवस सहज जातो, कधी जास्त. कारण उष्णता आधी द्रवातून भांड्याच्या भिंतीत, तिथून हवेत आणि मग बाष्पकात जाते, आणि यातली भिंतीवरून हवेत जाण्याची पायरी फार मंद असते. फ्रिजमधली दोनशे लिटर हवा वजनाने जेमतेम पाव किलो. तिला एक अंश बदलायला पाव किलोज्यूल पुरतं. द्रवाच्या तुलनेत हे तीनशे-साडेतीनशे पटींनी कमी. दार उघडलं की आतली सगळी हवा क्षणात बाहेरची होते, आणि द्रवाला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यात द्रव स्वतःही तापतो. साखर फोडताना यीस्ट उष्णता सोडते. वीस लिटर साध्या लागरमध्ये दीड किलोच्या आसपास साखर आंबते आणि त्यातून साडेनऊशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता निघते. ती अजिबात बाहेर पडू दिली नाही तर द्रव अकरा अंशांनी चढेल. आठवडाभरात विभागली तर सरासरी दीड वॅट भरते, जुन्या झिरोच्या बल्बाचा दहावा हिस्सा. पण ती समान वाटली जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी यीस्टचा जोर असतो तेव्हा ती सरासरीहून बरीच वाढते, आणि हवा दहा अंशांवर असली तरी द्रव बारावर गेलेला असतो. हवेचं तापमान पाहून निश्चिंत बसलेल्या माणसाची बिअर नेमकी त्याच दिवसांत बिघडते, ज्या दिवसांत चव घडत असते.

म्हणून फ्रिजच्या बटणाला हात न लावता बाहेरून एक नियंत्रक जोडतात. फ्रिजचं बटण सर्वांत थंड आकड्यावर ठेवायचं, म्हणजे ते मध्ये पडत नाही, आणि फ्रिजला वीज द्यायची की नाही हे नियंत्रकाने ठरवायचं. जगभर या कामासाठी एसटीसी-1000 नावाची स्वस्त चिनी डबी प्रसिद्ध आहे. तिच्या एका वायरच्या टोकाला थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, आणि पंचवीस अंशांवर तो दहा हजार ओहम भरतो. आत दोन रिले असतात, एक गार करण्यासाठी आणि एक तापवण्यासाठी. डबी उघडी मिळते, तिची जोडणी घरच्या 230 व्होल्टांवर करायची असते. हे काम इलेक्ट्रिशियनचंच, हौसेचं नाही. हाती आल्यावर पहिलं काम म्हणजे टोक कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतं का ते बघणं.

डबीत तीन आकडे भरावे लागतात. पहिला हव्या त्या तापमानाचा. दुसरा फरकाचा. तापमान दहा आणि फरक अर्धा अंश ठेवला, तर साडेदहा झाल्यावर कॉम्प्रेसर लागतो आणि दहावर आला की थांबतो. फरक फार बारीक ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. द्रवाला त्याने काही मिळत नाही, कॉम्प्रेसर मात्र जेरीस येतो.

तिसरा आकडा मिनिटांचा, बंद झालेला कॉम्प्रेसर किती वेळ पुन्हा लावायचा नाही याचा. कॉम्प्रेसर थांबला की मागच्या जाळीत दाबाखाली असलेला वायू बारीक नळीतून हळूहळू निवळतो, त्याला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटर त्या दाबाविरुद्ध फिरू शकत नाही, अडते, तापते आणि सुरक्षेचं बटण पडतं. हे वारंवार झालं की ती जळते. आपल्याकडे फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर वीज आल्यानंतर काही मिनिटं लाल दिवाच लागून राहतो, त्यामागे हेच कारण आहे. नियंत्रकात तीन ते पाच मिनिटं भरली की झालं.

खरा वाद टोक कुठे ठेवायचं याचा. हवेत लोंबतं ठेवलं तर दार उघडताच नियंत्रक दचकतो, कॉम्प्रेसर लावतो, हवा लगेच गार होते, तो थांबतो. द्रव बाजूलाच राहतो. द्रवाच्या मधोमध नळीत घालून ठेवलं तर उलट होतं. द्रव अर्धा अंश उतरेपर्यंत हवा शून्याखाली जाते, भांड्याची कड गोठायला येते, आणि कॉम्प्रेसर थांबल्यावरही पत्र्यावरची साठलेली थंडी काही वेळ द्रव उतरवतच राहते. मला मधला मार्ग पटतो. टोक भांड्याच्या बाहेरच्या अंगाला, द्रवाच्या पातळीच्या बरंच खाली चिकटवायचं आणि वरून थर्माकोलचा जाड तुकडा किंवा फुगेवाल्या प्लॅस्टिकच्या चार घड्या पट्टीने घट्ट बांधायच्या. हवेपासून ते झाकलं जातं, भिंतीतून द्रवाचं तापमान कळतं, आणि थोडा आगाऊ अंदाजही येतो. आंबणं जोरात असताना बुडबुडेच द्रव ढवळत असतात, त्यामुळे कड आणि मध्य यांत फार अंतर राहत नाही. मुरण्याच्या आठवड्यांत ढवळणं थांबतं, पण तेव्हा घाईही नसते.

फ्रिज कुठला घ्यावा? जुना, एका दाराचा, बर्फ हाताने वितळवावा लागतो तो. नव्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरचा वेग इलेक्ट्रॉनिक पाटी ठरवते. तिची वीज दिवसातून वीस वेळा तोडणं तिला मानवत नाही, आणि तिचं स्वतःचं डोकं नियंत्रकाच्या डोक्याशी भांडतं. आपल्या हवेसाठीच्या फ्रिजवर टी हा उष्ण कटिबंधाचा वर्ग असतो, म्हणजे भोवतालची हवा 43 अंशांपर्यंत असली तरी तो काम करेल. पण बंद गॅलरीत, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या फ्रिजच्या मागची हवा मे महिन्यात हा आकडा ओलांडते. मागे वीतभर जागा सोडणं हे कुठल्याही डबीहून स्वस्त आणि गुणकारी.

सुरतेचा पावसाळा ही आणखी एक भर. जुलैच्या दमट हवेत घनमीटरमागे वीस-बावीस ग्रॅम बाष्प असतं आणि दहा अंशांच्या हवेत नऊच्या वर मावत नाही. दार उघडलं की दर वेळी दोन-अडीच ग्रॅम पाणी आत येऊन भिंतींवर बसतं. चार अंशांवर चालणारा फ्रिज अधिक वेळ चालतो आणि हे पाणी बर्फ करून पत्र्यावर धरून ठेवतो. दहा अंशांवरचा फ्रिज बराच वेळ बंद असतो, त्यामुळे ते वाहतं, रबरी पट्टीत शिरतं आणि काळी बुरशी धरते. विजेच्या खोळंब्याची काळजी मात्र करू नये. वीस लिटर गार द्रव भरलेल्या बंद फ्रिजला तासभर वीज नसली तर तापमान फार तर अंशभर हलतं.

सुरतेत कायदेशीर आणि थंडीवरच जगणारं एक पेय आहे, आणि त्याचा प्रश्न लागरच्या नेमका उलटा आहे. हिवाळ्याच्या सकाळी मिळणारी नीरा. शिंदीच्या किंवा ताडाच्या या रसात दहा-बारा टक्के साखर असते, म्हणजे लागरसाठी उकळलेल्या जवाच्या काढ्याइतकीच. यीस्ट बाहेरून घालावी लागत नाही, झाडावर आणि मडक्यात ती असतेच. मडक्याला आतून चुना लावतात, रस आम्लाकडे झुकू नये आणि जिवाणूंना अडथळा व्हावा म्हणून. उजाडायच्या आत उतरवतात आणि लगेच बर्फात घालतात. ऊन चढलं आणि बर्फ नसला, तर काही तासांत तिची ताडी होते, आणि कायद्याच्या लेखी नीरा वेगळी, ताडी वेगळी. लागर करणारा यीस्टला इतकंच गार करतो की तिने काम करावं पण हळू. नीरावाला तिला कामच करू देत नाही, म्हणून त्याला फ्रिजचे नेहमीचे चार अंशच लागतात. त्याला नियंत्रक नको, घाई हवी.

ज्याच्याकडे जुना फ्रिज आणि ती डबी आहे, त्याला सुरतेत बिअरवाचूनही कामं पुष्कळ. चीज मुरवायला दहा ते तेरा अंश लागतात, अगदी लागरचीच पट्टी, आणि दमटपणा तिथे दोष नसून गरज असते. लोचो या सुरती पदार्थासाठी वाटलेली हरभऱ्याची डाळ मे महिन्याच्या रात्री इतकी भरभर आंबते की सकाळी तिला नको तितका आंबटपणा येतो. तीच फ्रिजमध्ये पंचवीस-सव्वीसवर ठेवली तर बाराही महिने सारखी उतरते. दह्यासाठी दुसरा रिले वापरायचा. आत एक छोटा बल्ब ठेवायचा, टोक दुधाच्या भांड्याला बाहेरून बांधून थर्माकोलने झाकायचं आणि आकडा बेचाळीसवर ठेवायचा. फ्रिजचा प्लग अशा वेळी काढून ठेवायचा. दार लावलं की उरते ती जाड इन्सुलेशनची पेटी, आणि दीड-दोन लिटर दुधाला तिच्यात पंचवीस वॅटचा बल्ब पुरतो.